माजी सैनिकांच्या संघटनेत हुद्दा हवाच कशाला?

माणदेशी_हवालदार
परवा आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा मेळावा झाला. पुढे सोफे, त्यावर कर्नल आणि ब्रिगेडियर साहेब. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सुभेदार, हवालदार, नायक. वीरपत्नी मंडपाच्या कडेला. दोन तास माईक सोफ्याच्या मागे काही आला नाही.

अमेरिकन लीजन ही अमेरिकेतल्या माजी सैनिकांची सर्वांत मोठी संघटना. पहिलं महायुद्ध संपलं, पण पलटणी अजून फ्रान्समध्येच होत्या, तेव्हा मार्च 1919 मध्ये पॅरिसला तिची पहिली बैठक झाली. तिच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय की संघटनेत हुद्दा नसतो आणि बैठकीत कुणालाही लष्करी पदवीने हाक मारायची नाही. आपली इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग ही माजी सैनिकांची संघटना पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा यांनी 1964 मध्ये उभी केली. साठ वर्षं उलटली, तरी आपल्याकडे अजून ‘आता जनरल साहेब मार्गदर्शन करतील’ चालूच आहे. वर्दी उतरली की हुद्दाही उतरवावा, असं माझं मत.

सुभेदार_मेजर_बेळगाव
अजिबात पटलं नाही. शिपाई म्हणून भरती झालो आणि एकेक फीत घाम गाळून मिळवली. ती कुणी संघटनेच्या दारात काढून ठेवायला सांगितली तर मी आत जाणारच नाही.

आणि व्यवहाराचं बोला. समान हुद्दा, समान पेन्शनची मागणी 1973 च्या तिसऱ्या वेतन आयोगापासूनची. 2011 मध्ये कोश्यारी समितीने (हो, आपल्याकडे पुढे राज्यपाल झाले तेच) ती मान्य करावी असं सांगितलं, तरी काही हललं नाही. जून 2015 मध्ये जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, 14 ऑगस्टला पोलिसांनी म्हाताऱ्या फौजींना ओढलं, आणि 5 सप्टेंबरला तेव्हाचे संरक्षणमंत्री पर्रीकरांनी योजनेची घोषणा केली. त्या चर्चेच्या टेबलावर निवृत्त मेजर जनरल होते म्हणून दिल्लीने ऐकून घेतलं. तुमच्या-माझ्या चिठ्ठीवर संरक्षण मंत्रालयाचं दार उघडतं का?

कागदी_घोडा
लीजनचं कौतुक जरा जपून करा. ती काढली ऑफिसरांनीच. पुढाकार होता लेफ्टनंट कर्नल थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर यांचा, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. सैन्यात डाव्या विचारांचं वारं शिरू नये ही धास्तीही त्यामागे होती. आणि ‘हुद्दा नाही’ म्हणणाऱ्या याच संघटनेच्या दक्षिणेकडच्या शाखांनी कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळं तरी बसवलं किंवा दारातच अडवलं. घटनेतलं कलम आणि मंडपातली बैठक यांचा संबंध तिथेही बेताचाच.

माणदेशी_हवालदार
मान्य, पण काम बघा ना. दुसरं महायुद्ध चालू असतानाच लीजनचे माजी अध्यक्ष हॅरी कोलमरी यांनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर, परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्याचा मसुदा लिहिला. कॉलेजची फी, घरासाठी कर्जाची हमी, नोकरी मिळेपर्यंत, जास्तीत जास्त वर्षभर, आठवड्याला 20 डॉलर. इतर काही सैनिक संघटनांनी सुरुवातीला विरोधच केला होता. जून 1944 मध्ये कायदा झाला आणि पुढे 22 लाखांच्या आसपास सैनिक कॉलेजात गेले. हे लाभ साध्या सोल्जरलाही मिळाले.

आता आपलं. सातव्या वेतन आयोगात मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे खडतर लष्करी सेवेसाठी महिन्याला मिळणारी जादा रक्कम, ऑफिसरला 15,500 रुपये आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) व जवानांना 5,200. बर्फ दोघांना सारखाच लागतो ना साहेब? 2023 मध्ये यावर जंतरमंतरला बसावं लागलं ते जवानांना आणि जेसीओंना. वर हेही बघा, जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पुढची चाळीस वर्षं पेन्शनचा हिशेब त्याच्याच मानगुटीवर असतो, आणि त्या हिशेबावर बोलतो कोण, तर सोफ्यावरचे.

कागदी_घोडा
हुद्दा नको म्हणता म्हणता ‘साहेब’ निघालंच की तोंडातून!

नायकाची_लेक
तुम्हा सगळ्यांचं फार मोठ्या पातळीवर चाललंय. वडील गेले तेव्हा डिस्चार्ज बुकात आईचं नाव ‘शांता’ आणि आधारवर ‘शांताबाई’. एवढ्यावरून फॅमिली पेन्शन अडकली. रेकॉर्ड ऑफिसला पत्र, प्रतिज्ञापत्र, तहसीलचा दाखला, पुन्हा पत्र. ज्यांनी शेवटी काम मार्गी लावलं ते गावातले एक निवृत्त क्लार्क हवालदार, कुठल्याच संघटनेचे पदाधिकारी नाहीत. आईला बाजूला बसवून प्रत्येक कागदावर कुठे अंगठा, कुठे सही, ते पेन्सिलीने खूण करून दिलं. राष्ट्रीय संघटनेने तालुक्याला असा एक माणूस नेमला तर तो जनरल असो की शिपाई, मला फरक पडत नाही.

कागदी_घोडा
ताई, यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. त्या व्यवस्थेचं मूळही 1919 चंच, इंग्रजांचं इंडियन सोल्जर्स बोर्ड. अमेरिकेत त्याच वर्षी सैनिकांनी स्वतःची संघटना काढली, आपल्याकडे सरकारने वरून बोर्ड दिलं. आपली संघटना अजून मागणारी कमी आणि निवेदन देणारी जास्त आहे, ती कदाचित यामुळेच.

नायकाची_लेक
त्या कार्यालयातही गेलो होतो. माणसं चांगली होती, फाइल तिथून पुढे सरकेना.

सुभेदार_मेजर_बेळगाव
लेकीचं म्हणणं शंभर टक्के खरं. 5,200 च्या बाबतीत हवालदारांशीही माझं भांडण नाही, तो अन्यायच आहे. पण त्याचा दोष वेतन आयोगाचा आहे, माझ्या फितीचा नाही. कार्यकारिणीत निम्म्या जागा जवान-जेसीओंच्या आणि एक तरी वीरपत्नीची, असा ठराव पुढच्या मेळाव्यात मांडा. अनुमोदन मी देतो. सुभेदार मेजर म्हणूनच देईन.