कॉलेजात शिकता शिकता कमावणारी मुले आणि अमेरिकेतला कर : तुमचे अनुभव

धाकटीच्या नावाने काल टपालात १०९९-एनईसी फॉर्म (नोकरीबाहेरच्या कामाचा मोबदला दाखवणारा) आला आणि न्यू जर्सीत कॉलेजात असताना मी केलेली वेबसाइटची कामे आठवली. कमाई स्टँडर्ड डिडक्शनच्या (इन्कम टॅक्ससाठी उत्पन्नातून मिळणाऱ्या सरसकट वजावटीच्या) आत असली की कर लागत नाही, असे तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांना वाटे. स्वयंरोजगाराचा कर (सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेसाठी आणि मेडिकेअर या आरोग्य विम्यासाठीचा) मात्र खर्च वजा जाता ४०० डॉलर उरले की सुरू होतो आणि स्टँडर्ड डिडक्शनने तो कमी होत नाही. धाकटीला शिकवण्यांतून निव्वळ ६,००० डॉलर मिळाले, त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, म्हणजे सुमारे ८४८ डॉलर भरायचे आहेत, आणि इन्कम टॅक्स शून्य! मुलांना हे आधी कोणीतरी सांगायलाच हवे.

प्रतिसाद
ताई, आमचा मुलगा घरपोच जेवण पोहोचवतो. तारीख, कुठून कुठे आणि किती मैल, हे तो गाडीतल्या वहीत रोज लिहितो. शेड्यूल सीवर (विवरणपत्रातल्या स्वतःच्या धंद्याच्या हिशोबाच्या पानावर) गाडीचा तो खर्च वजा झाल्याने नफा आणि हा करही बराच उतरला. फॉर्म आला नाही तरी कमाई दाखवावीच लागते, हेही मुलांना सांगा.

प्रतिसाद
अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (कॉलेजच्या खर्चासाठीची करसवलत) फी-पुस्तकांच्या पहिल्या २,००० डॉलरवर पूर्ण आणि पुढच्या २,००० वर पाव, असे २,५०० पर्यंत मिळते. मुलगी तुमच्यावर अवलंबून असेल, तर ते तुमच्या विवरणपत्रात येते, अगदी फी आजोबांनी भरली असली तरी. नवराबायकोच्या एकत्रित विवरणपत्रात ते १,६०,००० डॉलर उत्पन्नापासून घटत १,८०,००० ला संपते. तिच्या ८४८ डॉलरना मात्र त्याचा आधार नाही.

प्रतिसाद
मी पुण्याहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आले आहे. परवानगीशिवाय फ्रीलान्स काम घेऊ नकोस, असे सीनियर दादाने आल्या आल्या बजावले होते, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. ग्रंथालयातल्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जात नाही. पण १०४०-एनआर (अनिवासी परदेशी व्यक्तींचे विवरणपत्र) भरणाऱ्या माझ्यासारखीला शिक्षणाचे क्रेडिटही मिळत नाही.

प्रतिसाद
ताई, ते ८४८ डॉलर वाया जात नाहीत. निवृत्तिवेतनासाठी सोशल सिक्युरिटीचे जे ४० क्रेडिट (कमाईवर जमा होणारे गुण, करसवलत नव्हे) लागतात, त्यांची सुरुवात तिने आत्ताच केली आहे.

धागाकर्ती
काका, हे मी तिला आजच वाचून दाखवते. पुढच्या वर्षी शिकवण्या वाढणार आहेत आणि देणे १,००० डॉलरवर गेले तर तिमाही हप्ते भरावे लागतील, म्हणून प्रत्येक मोबदल्यातला सातवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचे आम्ही ठरवले आहे.