'पोर्ट उघडणे'ला मराठीत काय म्हणावे?

कोरांटी: घरच्या संगणकावर माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर कसा चालवायचा, यावर आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी चार पानं लिहिते आहे. 'फायरवॉलमध्ये २५५६५ पोर्ट उघडा' या माझ्या वाक्याचं तपासणाऱ्या सरांनी 'अग्निभिंतीतील २५५६५ क्रमांकाचे बंदर खुले करा' असं केलं. (फायरवॉल म्हणजे नेटवरून येणारी-जाणारी वाहतूक गाळणारी व्यवस्था, पोर्ट म्हणजे एकेका प्रोग्रामच्या वाहतुकीला दिलेला क्रमांक.) मुलांना कळेल?

जुना_वाडा: बंदर सपशेल चूक. लॅटिनमध्ये पोर्टुस म्हणजे बंदर, पोर्टा म्हणजे दार. संगणकातला पोर्ट दारवाला. शिवाय शुद्ध मराठीच हवी तर बंदर तरी कुठे आपलं, ते फारसी! आपल्याकडे नेमका शब्द आहे: दिंडी. वाड्याचा मोठा दरवाजा बंद असताना त्यातलंच वाकून जायचं छोटं दार.

सांजवात: दिंडी म्हटलं की मुलांना आळंदी-पंढरपूर आठवणार. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग' (बाहेरून आलेली वाहतूक घरच्या संगणकाकडे पाठवायची सोय) असतं, तिथे दिंडी कुठे शोधतील? पोर्टच ठेवा.

जुना_वाडा: अहो ताई, 'महापौर' आणि 'दिनांक' हेही घडवलेलेच. वापरले म्हणून रुळले.

घाटवाटा: शब्द कोणताही घ्या, पण नुसतं 'उघडा' लिहू नका. जमलं नाही की पोरं अख्खी फायरवॉल बंद करतात, नाहीतर राउटरवर डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच संगणकाकडे सोडणारी सोय) चालू करतात. स्पष्ट लिहा: खेळाच्या जावा आवृत्तीला टीसीपी २५५६५, बेडरॉक आवृत्तीला यूडीपी १९१३२ (टीसीपी, यूडीपी या नेटवरून माहिती पाठवायच्या दोन पद्धती), बाकी काही नाही. २५५७५ हा आरकॉन या दूरून सर्व्हर चालवायच्या सोयीचा, त्यावरून सर्व्हरला थेट हुकूम देता येतात, तो बाहेर कधीच उघडायचा नाही. आणि सर्व्हर अद्ययावत हवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या कोडमधली सुरक्षेची फट उघड झाली, तेव्हा चॅटमध्ये एक ओळ टाकून जुने जावा सर्व्हर ताब्यात घेता येत होते. पोर्ट एकच उघडा असून काय उपयोग?

कोरांटी: हे घालतेच. व्हाइटलिस्टला 'निमंत्रितांची यादी' लिहिलंय.

सांजवात: छान आहे! सीजीनॅटचंही लिहा. आमच्याकडे सगळं बरोबर करूनही बाहेरून कुणी जोडलं जाईना. राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ने सुरू होत होता, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. तिथे पोर्ट उघडून काही होत नाही.

जुना_वाडा: अग्निभिंत राहिलीच. मूळ फायरवॉल इमारतीतली, आग शेजारी पसरू नये म्हणून बांधलेली. इथे आग कुठे आहे? तटबंदी म्हणा.

घाटवाटा: तटबंदी चालेल. दिंडी मात्र नको.

जुना_वाडा: का नको? दिंडी नावाचं १९ मात्रांचं वृत्तही आहे, तिथे कुणाचा गोंधळ होत नाही.

सांजवात: वृत्ताचा आणि दाराचा काही संबंध आहे का हो?