गांडुळं टबाबाहेर येताहेत: संत्र्याच्या सालींमुळे की उन्हामुळे?

प्रश्न
नागपुरात धरमपेठेत फ्लॅट, बाल्कनी पश्चिमेला. ४० लिटरचा प्लास्टिकचा टब, तळाला भोकं, खाली नारळाच्या शेंड्या, वर जुनं शेण. अर्धा किलो गांडुळं, आयसेनिया फेटिडा जातीची. रोज साधारण ६०० ग्रॅम ओला कचरा, त्यात संत्र्याची सालं बरीच. एप्रिल लागला तशी गांडुळं झाकणाला चिकटू लागली. आंबूस वास येतो, तळाशी काही मेलेली दिसतात. काय बदलू?

परसबाग
ताई, दोन्हीमुळे. पण मूळ चूक प्रमाणाची आहे. गांडुळं फार तर स्वतःच्या वजनाच्या निम्मं रोज खातात, म्हणजे तुमची पाव किलो. उरलेलं आंबतं आणि टब आतून तापतो. न खाल्लेलं सगळं आजच उपसा, पुठ्ठ्याचे बारीक तुकडे नि वाळलेला पाला मिसळा, पाच दिवस काही घालू नका. मग १०० ग्रॅमपासून सुरू करा, एका कोपऱ्यात पुरून. ते दिसेनासं झाल्यावरच पुढचं.
सालींतलं लिमोनिन हे तेल गांडुळांना विषारी असतं. सालं वेगळ्या कुंडीत मातीत कुजवा. काळी पडून वास गेला की मूठभर चालतील.

गच्चीवरची माती
पश्चिमेची बाल्कनी मे महिन्यात चालणारच नाही. या जातीला १५ ते २५ अंश मानवतात, ३५ च्या वर ती मरते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत टब कूलरच्या खोलीत न्या. झाकण काढा, ओलं गोणपाट टाका. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे गोणपाटातलं पाणी उडताना टब गार राहतो. घट्ट झाकणाखाली ते होत नाही. पाणी गोणपाटावरच शिंपडा. टबातला माल मुठीत पिळला की एक-दोन थेंब पडावेत, धार लागली तर पुठ्ठा वाढवा. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा शिंपडणं जवळपास बंदच.

प्रश्नकर्ती
धन्यवाद! आंबूसपणावर चुना टाकू का? आणि वरून शेण घालू?

परसबाग
चुना अजिबात नको, त्याने गांडुळांची कातडी भाजते. अंड्याची टरफलं वाळवून, अगदी बारीक कुटून दोन चमचे भुरभुरा. शेण १५-२० दिवसांचंच घ्या. ताजं शेण तापतं, त्यातून अमोनियाही सुटतो.