गॅलरीतल्या सोलर पॅनलवर पंखा आणि राउटर चालेल का?

धनकवडीची_सून:
नमस्कार मंडळी. पुण्यात चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. गच्चीवर काही लावायला परवानगी नाही, दक्षिणेकडची गॅलरी तेवढी आपली. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की सासूबाईंचे फार हाल होतात. त्यांना दमा आहे आणि खोलीला एकच खिडकी. मला त्यांचा पंखा, राउटर (मी घरूनच काम करते) आणि ९ वॉटचा एक दिवा एवढंच चालवायचंय. दुकानदार म्हणतो, १०० वॉटचं पॅनल घ्या, रोजचं सगळं त्यावर निघेल. निघेल का?

जुना_वायरमन:
ताई, आधी पंखा बदला, पॅनलचं नंतर बघू. साधा पंखा ७०-७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. आठ तासांचे २४० वॉट-तास झाले. राउटर १० वॉटचाच, पण चोवीस तास चालू, म्हणजे त्याचेही २४०! हे कुणी धरतच नाही. दिवा चार तास, ३६. बेरीज ५१६.

१०० वॉटचं पॅनल मोकळ्या गच्चीवर, चांगल्या उन्हात दिवसाला ४०० च्या आसपास देईल. गॅलरीत त्याहून कमी, आणि ऐन उन्हाळ्यात तर फारच कमी. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर. तेव्हा वरच्या स्लॅबची सावली तुमच्या गॅलरीवर. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो, मग ऊन पार आतपर्यंत येतं.

म्हणून रोजचा भार टाकू नका. आठवडाभर बॅटरी भरू द्या, गुरुवारी वापरा. सहा तासांना पंखा १८०, राउटर ६०, एकूण २४०. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, तेव्हा १२ व्होल्टची ६० एएच (अँपिअर-तास, म्हणजे ६० × १२ = ७२० वॉट-तास) घ्या. पंखा १२ व्होल्टवर चालणारा मिळतो, राउटरही बहुतेक १२ चाच असतो (अडॅप्टरवर वाचा). मग इन्व्हर्टर लागतच नाही. राउटरच्या आधी १२ व्होल्ट कायम ठेवणारा रेग्युलेटर मात्र लावा, चार्जिंगला बॅटरी १४ च्या वर जाते.

कोथरूडचा_काका:
बॅटरी सासूबाईंच्या खोलीत अजिबात ठेवू नका हो! चार्ज होताना लेड-अ‍ॅसिडमधून गॅस निघतो. हवेशीर जागी ठेवा, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाच्या अगदी जवळ फ्यूज घाला. चार्ज कंट्रोलरला (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळतो तो) आधी बॅटरी जोडायची, मगच पॅनल. आणि पॅनल कठड्याला नटबोल्टनेच आवळा. वळवाच्या वाऱ्यात सुतळीने बांधलेलं खाली कुणाच्या डोक्यात जाईल.

धनकवडीची_सून:
दोघांचेही मनापासून आभार. आज गॅलरीत दर तासाला उन्हाची कड खडूने आखली. साडेबाराला कठड्याच्या आत जेमतेम वीतभर ऊन होतं. म्हणजे पॅनल कठड्याच्या बाहेरच हवं. घरमालकांशी रविवारी बोलते. पंख्याला थांबत नाही, उद्याच आणते. ६० एएचला साधारण किती अँपिअरचा कंट्रोलर घेऊ?

जुना_वायरमन:
१० अँपिअरचा पुरे. तुमचं पॅनल ६ च्या आसपासच देतं.