सर्व्हेच्या जहाजामुळे पापलेट पळतं म्हणतात, मग प्लॅटफॉर्मखाली एवढी मासळी कशी?

दालदीवाला_पोरगा
नमस्कार मंडळी. मी सातपाटीचा, घरची बोट आहे, बाबा तांडेल, मी मात्र नोकरीला ठाण्यात. आमच्याकडे ऐन सिझनला नोटीस येते की या भागात तेलाचा सर्व्हे आहे, जाळी टाकू नका, टाकली असतील तर काढा. यंदा पण आली. बाबा म्हणतात ते जहाज एकदा फिरून गेलं की दर्यात काही उरत नाही, नुसतं डिझेल जाळायचं आणि रिकाम्या हाताने यायचं. पण काका नेमकं उलटं सांगतो, म्हणतो बॉम्बे हाय, म्हणजे मुंबईसमोरच्या दर्यातलं तेलक्षेत्र, तिथल्या प्लॅटफॉर्मच्या अंगाला जेवढी मासळी आहे तेवढी कुठेच नाही, म्हणून तर बोटी लपूनछपून तिकडे जातात. आता तेलवाले मासळी पळवतात का गोळा करतात? घरात रोज जेवताना हाच वाद. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, व्हॉट्सअॅप फॉरवर्ड नको प्लीज.

जुना_रिगवाला
दोघंही बरोबर आहेत रे बाळा. मी बरीच वर्षं ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या कामावर, बॉम्बे हायला होतो, जुहूवरून हेलिकॉप्टरने जायचो. तिथे पाणी साधारण ७५ मीटर, खाली सगळा चिखल, माशाला आडोसा असा नाहीच. त्यात तुम्ही लोखंडाचे पाय उभे केले की वर्ष-दोन वर्षांत त्यावर कालवं, शिंपले, शेवाळ सगळं चढतं, ते खायला बारीक मासे, त्यांच्यामागे मोठे, आणि रात्री फ्लेअरचा, म्हणजे जादा गॅस जाळतात त्या ज्योतीचा, नि दिव्यांचा उजेड. वर ५०० मीटरच्या आत मासेमारीला बंदी, म्हणजे ट्रॉलर फिरत नाही. कॅलिफोर्नियातल्या प्लॅटफॉर्मवर २०१४ मध्ये अभ्यास आला होता, तिथे तर नैसर्गिक खडकांपेक्षा जास्त मासळी तयार होते असं निघालं. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात ५०० च्या वर जुने प्लॅटफॉर्म मुद्दाम समुद्रातच ठेवलेत माशांसाठी.
पण काकाला सांग त्या ५०० मीटरात जाऊ नको. २००५ च्या जुलैमध्ये काय झालं आठवतं ना, एक सपोर्ट जहाज प्लॅटफॉर्मच्या रायझरला, म्हणजे खालून गॅस वर आणणाऱ्या पाइपला धडकलं, आणि बॉम्बे हाय नॉर्थ दोन तासांत जळून खाक, २२ माणसं गेली. पापलेटासाठी तिकडे नांगर टाकणाऱ्याला हे कळत नाही की खाली पाइपांचं जाळं आहे.

खारं_पाणी
रिगवाले काका, माहिती छान, पण एक गोष्ट राहिली. मासळी एका जागी जमली म्हणजे दर्यातली मासळी वाढली असं नाही ना होत, आजूबाजूची तिथे येऊन बसली असंही असू शकतं. कॅलिफोर्नियातले मासे खडकात राहणारे, पापलेट थव्याने फिरणारं.
आणि सर्व्हेचं प्रकरण प्लॅटफॉर्मपेक्षा अगदी वेगळं आहे. सर्व्हेचं जहाज मागे एअरगन ओढत चालतं, त्यातून दाबाखालची हवा एकदम सुटते, दर काही सेकंदांनी एक बार, दिवसरात्र, आणि तो आवाज समुद्राच्या तळाखालच्या खडकांवरून परत येतो तो ऐकून तेल कुठे ते बघतात. नॉर्वेवाल्यांनी बॅरेंट्स समुद्रात मोजलं होतं, १९९६ मध्ये छापून आलं. सर्व्हेच्या काळात कॉड आणि हॅडॉकची पकड साधारण निम्म्यावर आली, १८ सागरी मैलांपर्यंत फरक दिसला, आणि सर्व्हे थांबून पाच दिवस झाले तरी पहिल्यासारखी झाली नाही. म्हणजे दालदीवाल्या, तुझे बाबा उगाच बोलत नाहीत. टास्मानियाजवळचं २०१७ चं काम तर अजून वाईट, एअरगन गेल्यावर १.२ किलोमीटरपर्यंत प्राणी-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कमी झाले आणि मेलेल्यांचं प्रमाण वाढलं. प्लवंग म्हणजे माशांच्या पिल्लांचं जेवण, त्यामुळे आजचं नुकसान आज दिसेलच असं नाही.
तिसरं कोणी बोलत नाही ते म्हणजे पाणी. बॉम्बे हायमधून १९७६ पासून तेल निघतंय. विहीर जुनी झाली की तेलाबरोबर पाणीच जास्त यायला लागतं, शिवाय दाब टिकवायला आपणच समुद्राचं पाणी आत ढकलतो. ते वर आलं की तेल वेगळं करून बरंचसं परत समुद्रात. आपल्या नियमात लिटरला ४० मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं, उत्तर समुद्रात ३०. आकडा बारीक वाटतो, पण रोजचं पाणी किती ते धरा.

मांडवीपार
गोव्यातून. पावसाच्या तोंडाला आमच्या बीचवर डांबराचे गोळे येतात, पर्यटक पाय काळे करून हॉटेलात जातात आणि मग खोबरेल तेल शोधतात 😅 एनआयओ, म्हणजे इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेवाल्यांनी त्या गोळ्यांचा रासायनिक माग काढलाय, प्रत्येक क्रूडची, म्हणजे कच्च्या तेलाची, घडण वेगळी असते म्हणे. काही टँकर धुतलेलं तेल निघालं आणि काही बॉम्बे हायचं, म्हणजे सगळं पाप एकाच्या माथी मारता येत नाही. टँकरवाले रात्री टाकी धुतात आणि पसार होतात, त्यांना कोण पकडणार.

अर्नाळ्याचा_बंड्या
सगळे तेलावर घसरलेत. पापलेट कमी झालं त्यात आपला हात नाही का? पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा घेरणारं जाळं, एलईडी लावून मासेमारी, आणि डोल जाळ्यात सापडलेली पापलेटची पिल्लं टोपलीने विकतो आपणच. २०२३ ला पापलेट राज्यमासा केला, फोटो काढले, संपलं.

खारं_पाणी
बंड्या, मान्य, पण पिल्लं मारली जातात म्हणून सर्व्हेचं नुकसान माफ होत नाही रे. उलट कमी झालेल्या मासळीला तो दणका जास्त लागतो.
दालदीवाल्या, तुझ्यासाठी कामाची गोष्ट. भरपाई मागायला गेलं की तिकडून पहिला प्रश्न येतो, पुरावा काय. तुमच्याकडे मच्छीमार सोसायटी जुनी आहे, तिथे रोजच्या मालाची नोंद होते. सर्व्हेच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे आठवडे काढ, किती बोटी गेल्या आणि किती किलो आलं, आणि त्याच आठवड्यांचे आधीच्या, म्हणजे सर्व्हे नसलेल्या वर्षांचे आकडे शेजारी ठेव. नुसतं "मासळी गेली" म्हणून कोणी ऐकणार नाही. बोटींची संख्या विसरू नको, नाहीतर म्हणतील बोटीच कमी गेल्या म्हणून माल कमी.

दालदीवाला_पोरगा
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. सोसायटीतल्या वह्या बाबांच्या ओळखीने बघायला मिळतील, अडचण एवढीच की काही बोटी माल तिथे न घालता परस्पर व्यापाऱ्याला देतात, तो हिशोब कुठेच नसतो. त्यांच्या डिझेल कोट्याच्या पावत्या मिळाल्या तर निदान किती फेऱ्या झाल्या ते कळेल का? रविवारी गावी जातोय तेव्हा विचारतो. काकाला ५०० मीटरचं सांगितलं, तो म्हणाला मी कुठे जातो, दुसरे जातात.