दगडी झाली की पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक मारायचं का?

माळावरचा डॉक्टर (धागा सुरू करणारा)

मंडळी, मी संगमनेर भागात प्रॅक्टिस करतो, नव्वद टक्के काम एचएफ (होल्स्टीन संकरित) गायींचं. मागच्या महिन्यात कासदाहावरचं, म्हणजे आपल्या दगडीवरचं, तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतोय.

परवाची केस. तिसऱ्या वेताची गाय, मागचा डावा सड. काळ्या फरशीचा तुकडा गाडीत ठेवतो मी, त्यावर पहिल्या चार धारा घेतल्या तर दुधात बारीक गुठळ्या, रंग ठीक, पाणी झालेलं नाही. ताप १०१.८ फॅरेनहाइट, म्हणजे गायीला नॉर्मलच, गाय रवंथ करतीये, गव्हाण रिकामी केलेली. म्हणजे दगडी आहे पण सौम्य. सडाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने चोळून पुसलं, नळी आडवी धरून दूध घेतलं, बर्फात टाकलं. मेलोक्सिकॅम (सूज-दुखण्याचं औषध) दिलं, दिवसातून चार-पाच वेळा सड रिकामा करा म्हणालो आणि सांगितलं की उद्या संध्याकाळी प्लेट बघून (दुधातले जंतू उगवतात का ते) ठरवू अँटिबायोटिक लागतंय का.

मालक गप्प बसले. रात्री त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, सेफ्ट्रियाक्झोनचं अँटिबायोटिक इंजेक्शन आणि दोन सलाईन झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटवर, जंतू वाढवायच्या दोन्ही जेलींवर, ब्लड अगारवरही काही नाही आणि मेकॉन्कीवरही काही नाही. गाय तीन दिवसांत बरी. श्रेय सुईला, आणि तो गोठा माझ्या हातून गेला.

गोठा गेल्याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे लागलं की त्या गायीचं दूध त्या तीन दिवसांत एकदाही थांबलं नाही, दोन्ही टाइम डेअरीला गेलं. सेफ्ट्रियाक्झोन म्हणजे तेच औषध जे टायफॉइडच्या पोराला दवाखान्यात शिरेतून देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सौम्य दगडीत २४ तास थांबायचं, आणि दिलंच तर दूध किती दिवस बंद ते कागदावर लिहून द्यायचं, आणि हे तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. एकट्याने केलं की तो एकटाच मरतो.

कृष्णाकाठ व्हेट

सर, २२ वर्षं झाली फिल्डला, सांगली जिल्हा. तुमचा हेतू चांगला आहे पण मी याच्या विरोधात आहे आणि का ते सांगतो.

तुम्ही "पहिला दिवस" म्हणताय तो कुठे असतो? आमच्याकडे फोन येतो तेव्हा आधी घरी हळद-चुना झालेला असतो, मग मेडिकलवरून अँटिबायोटिकची ट्यूब आणून सडात सोडलेली असते, ती पण एकच, दुसरी आणलीच नाही, मग शेजाऱ्याने सांगितलेलं काहीतरी, आणि मग डॉक्टर. म्हणजे आपण पोचतो तो तिसरा दिवस. तिथे मी म्हणू का की अजून २४ तास थांबा? आणि अर्धवट ट्यूब सोडलेल्या सडाचं दूध प्लेटवर टाकलं तर काही उगवणार नाहीच, म्हणजे तुमची ती "काही नाही" वाली प्लेट किती खरी?

दुसरं, कोलाय (ई. कोलाय) जंतूची जोरदार केस मी बघितलीये. सकाळी सड जरा गरम, दुपारी दूध ताकाच्या निवळीसारखं, रात्री कान थंड, डोळे आत, गाय बसली ती बसलीच. उन्हाळ्यात व्यालेली गाय होती, १० दिवस पण झाले नव्हते. त्या घरात ती एकच गाय. बाई पदर तोंडाला लावून उभी होती आणि मी सलाईनची बाटली हातात धरून उभा. त्यानंतर मी थांबत नाही. सड मेला तरी गायीची किंमत निम्म्यावर येते, आणि गाय मेली तर त्या घराचा वर्षाचा हिशोब मेला. ट्रेनिंगवाल्यांनी एकदा जुलैच्या पावसात माझ्या गाडीवर मागे बसून फिरावं, मग बोलू.

माळावरचा डॉक्टर

सर, तुमच्या त्या केसला मी पण थांबलो नसतो. ताप, कान थंड, खाणं बंद, दूध पाण्यासारखं, अशा गायीला सगळं लगेच, सलाईनसकट, त्यात वादच नाही. मी बोलतोय ते फक्त गुठळ्या आहेत किंवा सड थोडा सुजलाय पण गाय खातीये त्यांच्याबद्दल. असल्या केसमध्ये एक दिवस थांबल्याने नुकसान होत नाही हे नीट तपासलं गेलंय, आणि सौम्य कोलाय बऱ्याचदा गाय स्वतःच निपटते. स्ट्रेप (स्ट्रेप्टोकोकस) जंतू निघाला तर साधं पेनिसिलीन गटातलं पुरतं, त्याला सेफ्ट्रियाक्झोन कशाला.

अर्धवट ट्यूबचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. आधी काय सोडलंय हे विचारल्याशिवाय प्लेटचा अर्थ लावता येत नाही. मी त्या मालकांना विचारलं होतं, ते नाही म्हणाले, आता खरं काय ते त्यांनाच माहीत.

गोठ्यावरची ताई

मी डॉक्टर नाही, ११ गायी आहेत, करमाळा तालुका. वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी एका गायीला दगडीचं इंजेक्शन झालं. डॉक्टर काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. घरासाठी त्याच गायीचं दूध ठेवायचे कारण फॅट बरी. तीन दिवस विरजण लागेना. आधी वाटलं विरजण खराब झालं म्हणून जावेकडून आणलं, तरी नाही, सकाळी बघावं तर दूध तसंच, वर पाण्याचा थर. सासूबाई म्हणाल्या भांडं चिकट राहिलंय. भांडी चुलीवर तापवली मी. मग दूध संकलनवाल्या भावाने सांगितलं की ताई इंजेक्शनचं दूध आहे ते, त्यात विरजण मरतं. आणि तेच दूध माझी दोन वर्षांची नात पीत होती. उकळून दिलं होतं, मला वाटायचं उकळलं की सगळं जातं.

डॉक्टरांनी एक वाक्य बोलायचं होतं हो. दूध ओतायचं की नाही ते आम्ही बघितलं असतं, पण माहीत तरी पाहिजे ना.

कृष्णाकाठ व्हेट

ताई तुमचं बरोबर आहे, सांगायला पाहिजे. पण जरा हिशोब पण मांडू या. १८ लिटरची गाय दगडीत १२ वर येते. तीन दिवस औषध आणि पुढे सात दिवस दूध बंद, म्हणजे १२० लिटर, ३२ च्या भावाने ३,८४० रुपये. औषध आणि माझी फी वेगळी. ज्याच्याकडे दोन गायी आहेत तो हे ओतेल का? मी सांगितलं तर तो पुढच्या वेळी मला बोलावणार नाही, गुपचूप मेडिकलवरून घेईल. मग डोसही चुकणार. आहे ते तुटकं का असेना आमच्या हातात आहे, ते पण जाईल.

पशुधन पर्यवेक्षक, जळगाव

साहेब लोकांमध्ये बोलतोय, राग मानू नका. २०२२ ला लम्पी (जनावरांच्या अंगावर गाठी येणारी साथ) आला तेव्हा आमच्याकडे सगळ्यात आधी आला, गोटपॉक्सची लस घेऊन पहाटेपासून गोठे केले आम्ही, तेव्हा कोणी १९८४ च्या पशुवैद्यक कायद्यातलं कलम ३० (उपचार नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचे, आम्ही फक्त त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ) काढलं नाही. आणि दगडीचा विषय निघाला की लगेच खालच्या लोकांनी अँटिबायोटिक वापरून वाट लावली म्हणतात. इथे अजून कोणी म्हटलं नाही, पण निघणार हे माहितीये. आम्हाला कोणी ट्रेनिंगला बोलवतं का? सीएमटीची, म्हणजे दगडीच्या दुधाच्या तपासणीची, ती चार वाट्यांची पाटी मी स्वतःच्या पैशाने घेतली. जांभळं द्रावण आणि दूध सारखं घेऊन गोल फिरवलं की दुखऱ्या सडाच्या वाटीत शेंबडासारखं घट्ट होतं, मालकाला डोळ्याने दिसतं, मग तो ऐकतो. हे शिकायला डिग्री लागत नाही, शिकवणारा लागतो.

माळावरचा डॉक्टर

दादा, तुमच्यावर बोट नाहीच. माझ्या केसमधलं सेफ्ट्रियाक्झोन माझ्यासारख्याच डिग्रीवाल्याने दिलं होतं. कायद्याप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार तुमच्याकडे आहेत, आणि देखरेख म्हणजे नुसती सही नाही, शिकवणं पण त्यातच आलं असं मी मानतो. तालुक्याची बैठक झाली तर पर्यवेक्षक त्यात हवेतच, कारण पाटी घेऊन गोठ्यात पहिला तुम्हीच पोचता.

कृष्णाकाठ सर, ३,८४० चा हिशोब मी नाकारत नाही. पण तोच हिशोब उलटा बघा ना. सौम्य दहा केसमधल्या चार-पाच जरी बिनअँटिबायोटिकच्या सुटल्या तर त्या गायींचं दूध फक्त गुठळ्या जाईपर्यंत आणि मेलोक्सिकॅमची मुदत संपेपर्यंत बाजूला, सगळे दहा दिवस नाही. मालकाला हीच भाषा कळते. मी आता "अँटिबायोटिक वाईट" असं म्हणतच नाही, "उद्यापर्यंत थांबलात तर कदाचित आठवड्याचं दूध वाचेल" असं म्हणतो.

आणि तुम्ही लिहिलेले सात दिवस काही मनाचे नाहीत. २०१२ पासून नियम आहे, औषधाच्या लेबलवर मुदत दिलेली नसेल तर दूध-अंड्याला किमान ७ दिवस आणि मांसाला २८ दिवस. बाटली उलटी करून वाचायची सवय आपल्यालाच नाही.

संकलन केंद्र चालवतो

मधेच बोलतो. केंद्रावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक), पाणी बघतो, माणसामागे अर्धा मिनिट मिळतो. अँटिबायोटिक तपासायची स्ट्रिप प्रत्येक कॅनला लावणं परवडतच नाही, ती टँकरला लागते. टँकर फेल झाला की तीनशे घरांचं दूध एका गोठ्यापायी जातं आणि कोणाचा ते सापडत नाही. मला डॉक्टरची चिठ्ठी मिळाली की अमुक गाय अमुक तारखेपर्यंत बंद, तर मी त्या घराचं बाकीच्या गायींचं दूध घेईन आणि तेवढं बाजूला ठेवायला लावीन. पण चिठ्ठी आजवर एकाही डॉक्टरने दिली नाही. एकाही.

नवीन पदवीधर

सर, २०२४ ला केंद्राने पशुउपचाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या किती जणांनी वाचल्यात? आम्ही ऑनलाइन वेबिनार लावतो, कॅमेरा बंद, सर्टिफिकेट डाउनलोड. मी पण केलंय ते, आता लाज वाटते. पण मला एक मनापासून विचारायचंय, मालक समोर उभा राहून "सुई मारा ना डॉक्टर, पैसे देतोय की" म्हणतो तेव्हा २४ वर्षांच्या पोराने नाही कसं म्हणायचं? हे कुठल्याच लेक्चरला शिकवलं नाही.

कृष्णाकाठ व्हेट

हा प्रश्न खरा आहे बघ. आणि म्हणूनच मी म्हणतो हे ओझं गोठ्यातल्या एकट्या डॉक्टरवर टाकू नका, सरकारने करावं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ ला बंद केलं ना अन्न देणाऱ्या जनावरांत, तसं जे नको ते बंद करा, मिळणारच नाही तर कोण मारेल.

माळावरचा डॉक्टर

सर, दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक आठवा. जनावरांसाठी २००६ ला बंद झालं, ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून. मग काय झालं, माणसाची ३० मिलीची बाटली मेडिकलला मिळायची तीच जनावरांना टोचली गेली, शेवटी २०१५ ला माणसाचं इंजेक्शन ३ मिलीच्या वर पॅक करायला बंदी घालावी लागली. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत ती बाटली ज्यांच्या बॅगेत होती त्यात आपल्यातलेही होते. आणि सेफ्ट्रियाक्झोन तर पूर्ण बंद होऊच नये, तुमच्या त्या बसलेल्या गायीसारखी एखादी केस येते तेव्हा काहीतरी हाताशी उरलं पाहिजे. म्हणूनच राखून वापरू या म्हणतोय.

नवीन पदवीधर, मी काय करतो ते सांगतो. नाही म्हणत नाही. काळ्या फरशीवरची धार मालकाच्या हाताने काढायला लावतो, थर्मामीटर त्यांना दाखवतो, आणि निघताना म्हणतो की रात्री ताप १०३ च्या वर गेला किंवा गाय खायची थांबली तर कितीही वाजता फोन करा, मी येतो. आणि फोन आला की जातो. मागच्या महिन्यात दोनदा गेलो, एकदा रात्री पावणेदोनला. त्या दोघांनी डॉक्टर बदलला नाही.

गोठ्यावरची ताई

बंद ठेवलेलं दूध वासरांना पाजलं तर चालतं का? आम्ही तेच करतो, ओतवत नाही.

माळावरचा डॉक्टर

नको ताई. थोडं थोडं औषध वासराच्या पोटात रोज गेलं की तिथले जंतू त्याला सरावतात, मग त्याच वासराला हगवण लागली की औषध लागू होत नाही. जीवावर येतं माहितीये, पण खड्ड्यात.

कृष्णाकाठ व्हेट

माझं मत बदललेलं नाही, २४ तास थांबणं मला आमच्या भागात जमेल असं वाटत नाही, निदान उन्हाळ्यात आणि ताज्या व्यालेल्या गायीत तर मी थांबणार नाही. पण चिठ्ठीचं पटलं. संकलनवाल्यांनी "एकाही" असं दोनदा लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं, त्या एकाहीत मी पण आहे. उद्या प्रिस्क्रिप्शन पॅडवर शिक्का करून घेतो, गायीचा बिल्ला नंबर, शेवटचा डोस, दूध बंद कधीपर्यंत.

आणि एक विचारायचं होतं. त्या प्लेटा तुम्ही स्वतः ओतता की तयार आणता? आमच्याकडे लाईट आठ-आठ तास जाते, इनक्युबेटर (प्लेटा उबेत ठेवायची पेटी) कसा चालवता?

माळावरचा डॉक्टर

तयार आणतो सर, जवळच्या पॅथॉलॉजी लॅबवाल्यांच्या ऑर्डरमध्येच माझ्या दहा टाकायला सांगतो. फ्रिजमध्ये उलट्या ठेवायच्या, झाकण खाली, म्हणजे वाफेचं पाणी जेलीवर पडत नाही. इनक्युबेटर छोटाच आहे, इन्व्हर्टरवर टाकलाय. लाईट आणि इन्व्हर्टर दोन्ही गेलं तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवतो आणि थर्मामीटर बघत बसतो, ३७ च्या आसपास राहिलं की पुरे. मेकॉन्कीवर गुलाबी ठिपके आले की कोलायसारखं काहीतरी, तिथे काहीच नाही आणि ब्लड अगारवर बारीक दाणे आले की स्ट्रेप नाहीतर स्टॅफ (स्टॅफिलोकोकस). पहिल्या पाच-सहा प्लेटांचे फोटो मला पाठवा, दोघं मिळून बघू.