वॉशरीच्या जुन्या तळ्यातली स्लरी उचलायची आहे, मशीन कोणतं घेऊ?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. मी वणीचा. दोन पोकलेन आणि पाच टिप्पर आहेत. आजवर ओव्हरबर्डन (कोळशावरची दगडमाती) काढणं आणि कोळसा वाहणं एवढंच केलं. आता आमच्या पट्ट्यातल्या एका वॉशरीने (कोळसा धुण्याच्या कारखान्याने) दोन जुनी सेटलिंग तळी मोकळी करून द्यायला विचारलं आहे. पंधराएक वर्षं धुलाईचं काळं पाणी तिथे सोडत होते. वरचा थर वाळून भेगाळला आहे, खाली अजून चिखल, म्हणजे स्लरी, आहे. मालक म्हणतो, निघेल ते तुझं, मला तळं रिकामं करून दे.

बादलीभर चिखल घरी आणून पाण्यात ढवळला. भराभर खाली बसलं ते बोटांत चोळलं तर रव्यासारखं खरखरीत आणि काळं लागलं. वर राहिलेलं राखाडी पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. एक नमुना तपासून घेतला: राख ४४ टक्के, उष्मांक किलोला ३६०० किलोकॅलरीच्या आसपास. एक मशीनवाला म्हणतो, फ्लोटेशन प्लांट टाका, शंभर टनांतून साठ टन चांगला कोळसा हमखास निघतो. त्याने सांगितलेल्या किमतीला घर गहाण टाकावं लागेल.

फ्लोटेशन घ्यावं का? दुसरं काही सुचवाल? आणि खात्रीने तपासून कुठे मिळेल?

दामोदर३१

मी एकतीस वर्षं झरिया आणि बोकारोच्या वॉशऱ्यांत काढली, आता नागपूरला असतो. आधी एकच विनंती, मशीनवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका.

फ्लोटेशनमध्ये कोळशाच्या कणाला पाणी नकोसं असतं, याच गुणावर सगळं चालतं. थोडं डिझेल आणि फेस आणणारं रसायन घालून हवा सोडली की कोळसा बुडबुड्यांना चिकटून वर येतो, माती खाली राहते. झरियाच्या कोकिंग कोळशाला (पोलादासाठी कोक करतात तो) हे छान जमतं. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा कमी पक्व, नॉन-कोकिंग. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून डिझेल कितीतरी जास्त लागतं. त्यात तुमचा माल पंधरा वर्षं ऊनपावसात पडलेला. हवेने कणांचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ झाला की तो बुडबुड्याला नीट चिकटत नाही.

घरीच बघा. तळ्यातला वाळलेला चुरा चिमूटभर घ्या आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यावर हलक्या हाताने सोडा. दुसऱ्या पेल्यात खाणीतून नुकत्याच आलेल्या कोळशाचा तेवढाच बारीक चुरा सोडा. कोणता तरंगतो आणि कोणता भिजून बुडतो, ते बघून मला सांगा. ही पक्की चाचणी नव्हे, पण दिशा कळते.

आता साठ टनांचा हिशेब. तळ्यातल्या मालाची राख ४४. धुतलेल्याची २६ हवी असं समजू. मागे उरणाऱ्या गाळाची ६२ धरा. ६२ वजा ४४ म्हणजे १८, ६२ वजा २६ म्हणजे ३६. अठराला छत्तीसने भागलं की निम्मा माल. साठ टन काढायचे तर उरलेल्या गाळाची राख ७१ वर न्यावी लागेल. आपल्या कोळशात दगडमाती कणाकणात मुरलेली असते, त्यामुळे ते फार अवघड. त्या गृहस्थाला एवढंच विचारा की गाळाची राख किती धरली होती. उत्तर नसेल तर साठ हा आकडा हवेतला आहे.

आणि एका नमुन्यावर तळं जोखू नका. नमुना कुठून घेतला होता?

वर्धाकाठ

काका, मनापासून आभार. नमुना पाइपाच्या तोंडाजवळून, काठावरचा. तिथेच पाय ठेवता येतो.

पेल्याचं आत्ताच केलं. खाणीचा चुरा पाण्यावर तसाच पसरून राहिला. तळ्यातला निम्म्याहून जास्त पाच मिनिटांत खाली गेला.

दामोदर३१

हेच वाटलं होतं. पाइपाच्या तोंडाशी जाड कण आधी बसतात, चिकणमाती वाहत जाऊन लांबच्या टोकाला साचते. म्हणजे तुम्ही तळ्याचा सगळ्यात चांगला घास तेवढा चाखला आहे. तळ्यावर चौकटी आखा. प्रत्येक चौकटीत पाइप तळापर्यंत घाला, दर मीटरचा नमुना वेगळ्या पिशवीत भरा, पिशवीवर जागा आणि खोली लिहा. मग प्रत्येक नमुना ओल्यानेच चाळून जाडीप्रमाणे राख काढून घ्या. १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिलिमीटरच्या) वर किती माल आहे आणि त्यात राख किती, या दोन आकड्यांवर तुमचा धंदा उभा राहील किंवा राहणार नाही.

चाचणीसाठी सीएसआयआरची केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था बघा. धनबादजवळ दिगवाडीहला तिचं कोळसा धुलाईचं जुनं काम आहे, आणि नागपुरातही केंद्र आहे. सुरुवात नागपुरातून करा.

ॲडव्होकेट_चांदा

मशीनच्या आधी कागद. ‘निघेल ते तुझं’ हे तोंडी बोलणं कुठेच टिकणार नाही.

स्लरी म्हणजे टाकाऊ गाळ, ज्याने उचलला त्याचा, असा समज आपल्याकडे फार आहे. याच प्रश्नावर भारत कोकिंग कोल विरुद्ध बिहार राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वॉशरीतून वाहून आलेल्या स्लरीवर बिहार सरकारने इतरांना हक्क दिले होते. १९९०च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की ही स्लरी कोळसाच आहे, खनिजच आहे, आणि राज्याला तिचे असे हक्क वाटता येणार नाहीत. तेव्हा तळ्यातला माल कायद्याने कोळसा समजूनच चाला. वॉशरीची जमीन कोणाची, धुवायला आलेला कोळसा कोणाचा होता, धुलाईच्या करारात रिजेक्ट (धुऊन वेगळा काढलेला टाकाऊ माल) आणि स्लरी कोणाकडे राहते असं लिहिलं आहे, हे तिन्ही कागद मागा. ग्राहकाचा कोळसा मजुरीवर धुतला असेल तर स्लरी विकण्याचा हक्क मालकालाही नसू शकतो. वाहतुकीचे पास त्यानंतरची गोष्ट.

प्लांट उभा करायच्या आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागेल, चालू करायला पुन्हा वेगळी. तुमच्या प्लांटमधूनही गाळ निघणार, तो कुठे ठेवणार हे तिथे लिहून द्यावं लागतं. चंद्रपूर २००९ सालीच अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आलं होतं. इथले लोक काळं पाणी बघून थकले आहेत. एक तळं मोकळं करून दुसरं भरणार असाल तर हे काम घेऊच नका, असं मी माझ्या अशिलालाही सांगेन.

मकायहून_मराठी

मी क्वीन्सलँडमध्ये कोळसा धुलाईत प्रोसेस इंजिनिअर आहे, मूळची यवतमाळची. दामोदर काकांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत.

बारीक कोळशासाठी इथे जेमसन सेल सर्रास वापरतात. न्यूकॅसल विद्यापीठाच्या ग्रॅम जेमसन यांनी १९८०च्या दशकात तो तयार केला. सुंदर यंत्र आहे, पण तेही फ्लोटेशनच. जो कण बुडबुड्याला चिकटत नाही त्याला तेही वर आणणार नाही.

तुमच्या मालासाठी मी स्पायरल सुचवेन. आधी पाण्यात ढवळून सायक्लोनमधून (पाणी गरगर फिरवून बारीक कण वेगळे करणाऱ्या शंकूतून) काढायचं, चिकणमाती तिथेच वेगळी होते. मग १ मिलिमीटर ते १५० मायक्रॉनचा माल स्पायरलवर. घसरगुंडीसारख्या गोल गोल उतरणाऱ्या पन्हळीतून पाणी उतरतं, दगड आतल्या कडेला राहतो, हलका कोळसा बाहेरच्या कडेला जातो. फिरणारा भाग नाही, रसायन नाही. शेवटी हाय फ्रिक्वेन्सी स्क्रीनवर, म्हणजे वेगाने थरथरणाऱ्या चाळणीवर, पाणी निथळायचं. स्पायरलने राख फार खाली येत नाही, दगड मात्र निघतो. वीटभट्टी किंवा बॉयलरच्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. १५० मायक्रॉनच्या खालचं सोडून द्या. जीव जातो सोडताना, पण त्यातलं पाणी काढायला जो फिल्टर प्रेस लागतो त्याचा खर्च तुमच्या मालाला झेपणार नाही.

राख_आणि_ओल

नागपुरात कोळसा तपासते, म्हणून एकच मुद्दा. तुमचे ३६०० कोणत्या आधारावर आहेत? प्रयोगशाळा बहुतेक वेळा हवेत वाळलेल्या नमुन्याचा आकडा देते. गिऱ्हाईक मात्र ओला माल घेतं. समजा सुक्या मालाचा उष्मांक ४५००, म्हणजे जी-१० (कोळशाचा सरकारी ग्रेड, आकडा वाढला की प्रत उतरते). त्यात २५ टक्के पाणी राहिलं तर टिप्परमधल्या किलोभर मालात उरले ३३७५, म्हणजे जी-१४. नुसत्या पाण्याने चार ग्रेड गेले. वर भट्टीत ते पाणी उडवायला उष्णता लागते ती वेगळीच. सौदा करताना ‘जसा पोचला तसा’ या आधारावरच बोला आणि ओल किती चालेल ते लिहून घ्या.

वर्धाकाठ (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचंच होतं. मोठ्या तळ्यात बावीस जागी पाइप घातला. तोंडाकडच्या तिसऱ्या हिश्शात १५० मायक्रॉनच्या वर ४० टक्के माल आहे, त्याची राख ३३. लांबच्या टोकाला राख ५८, जवळजवळ सगळी चिकणमाती. स्पायरलवर छोटी चाचणी करून घेतली: ३३ राखेच्या मालातून २६ राखेचा कोळसा, मागे ६१ राखेचा गाळ. काकांच्या पद्धतीने हिशेब केला तर त्यातला ८० टक्के हाती येतो. म्हणजे चांगल्या हिश्शातल्या शंभर टनांतून बत्तीस. साठ नाही, आणि तेही तळ्याच्या एकतृतीयांशातच.

मशीनवाल्याला नाही म्हटलं. वकील साहेबांनी सांगितलेले कागद मागितले, दोन मिळाले, धुलाईचा करार अजून आलेला नाही. तो येईपर्यंत पोकलेन हलवणार नाही. कागद नीट निघाले तर फक्त तोंडाकडचा भाग घेतो, स्पायरल भाड्याने मिळतं का बघतो. काम सुरू करताना काय जपू?

दामोदर३१

वाचून फार बरं वाटलं.

वरच्या वाळलेल्या पापुद्र्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या नोकरीत एका तळ्यावर पोकलेन असाच आत गेला. वरून माती टणक दिसत होती, पाच मिनिटांत केबिनच्या काचेपर्यंत चिखल आला. ऑपरेटर खिडकीतून निघाला म्हणून वाचला. काठावरून लांब बूमनेच काढा, दगडमुरूम टाकत रस्ता पुढे न्या, माणसाला एकट्याने तळ्यात उतरू देऊ नका.

बांधाच्या पायथ्याला हात लावायचा नाही, माती कितीही सोपी मिळत असली तरी. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या टाकाऊ मालाचा असाच बांध फुटला आणि १२५ माणसं गेली. आधी वरचं पाणी काढा, मग वरून खाली या. पावसाळ्यात काम बंद.

वाळलेल्या कोळशाचा ढीग उंच करू नका, आतून तापून पेटतो. रोज सकाळी ढिगात लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने काढा. हाताला चटका बसला तर तो भाग त्याच दिवशी पसरून टाका.

बावीस जागांच्या उरलेल्या पिशव्या फेकू नका. झाकण घट्ट असलेल्या डब्यांत ठेवा. गिऱ्हाइकाशी राखेवरून वाद झाला की त्याच लागतील. करार आला की मला वाचायला पाठवा.